काळुरामदादांचे दोन बास

८ मार्च २०२५, शनिवार

आज तोंडातून एक वाक्य गेलं. आता परत घेता येत नाही.

दुपारी ऋतुराज सर दुकानात आले. कोपरीत त्यांचा बास गिटारचा क्लास आहे, शिवाय मोबाईलवर चॅनेल. ठाण्यात कुणाला बास घ्यायचा असला की आधी त्यांचा व्हिडिओ बघतात, मग आमच्या नौपाड्याच्या वाद्यांच्या दुकानात येतात. कॅमेऱ्याचं स्टँड घेऊनच आलेले. बोलले, "वैशाली, आज इथल्या लोकांनी बनवलेले बास दाखवायचेत." मी काचेजवळच्या रॅकवरून काळुराम भोईरांचा मधाच्या रंगाचा बास काढून दिला. आंबिवलीला बनवतात ते. त्यांचे दोनच आहेत आमच्याकडे, एक हा आणि एक काळा.

सरांनी वाजवला. नुसती घरघर! तारा गंजलेल्या, त्यांची बोटं लाल झाली. नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, पुढे वाकलेला, त्यामुळे तारा एवढ्या वर आलेल्या की दाबताना त्यांचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. कॅमेऱ्याकडे बघून बोलले, "ज्याने हे बनवलंय ना, त्याला बास कळतच नाही." मग माझ्याकडे वळून, "काय वैशाली?"

आणि मी बोलले — "हो सर, लोकल मेक आहे ना!"

हसून बोलले. हसून!

मला माहीत होतं. तो बास २०२२च्या दिवाळीपासून तिथे टांगलाय. दुपारनंतरचं ऊन काचेतून थेट त्याच्यावर. दिवसभर एसी, शटर पडलं की बंद. तारा एकदाही बदललेल्या नाहीत. सर्वेश शेठ गल्ल्यावर बसलेले म्हणून बोलले का मी? नाही. त्यांचं लक्षही नव्हतं. सरांना बरं वाटावं म्हणून बोलले.

९ मार्च, रविवार

व्हिडिओ आला. माझा आवाज स्पष्ट आहे.

१२ मार्च, बुधवार

दुकानाच्या फोनवर फोन. "मी काळुराम भोईर. आंबिवली."

वाटलं आता शिव्या. तर हळूच विचारलं, "ताई, त्या बासवर तारा कधीच्या हायत?"

मी बोलले, "तुम्ही लावलेल्याच."

मग, "बरं. बरं." आणि ठेवला.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. दुकान बंद. खाली सगळे रंग खेळत होते, मी गेले नाही. आई विचारत होती काय झालं. काही नाही बोलले.

१५ मार्च, शनिवार

ते आलेच. साठीच्या आसपासचे, किडकिडीत, पांढरा शर्ट इस्त्री केलेला. दुकानात शिरले आणि कुणाशी न बोलता थेट रॅककडे. मधाचा बास खाली घेतला, एक डोळा मिटून नेकवरून नजर टाकली — बंदूक धरतात तशी. मग काळा. मग दोन्ही जागेवर ठेवले आणि काचेवर हात ठेवला. काच तापलेली. हात तिथेच ठेवून उभे राहिले.

शेठ बोलले, "दादा, तुम्हाला नको असतील तर घेऊन जा. विकले गेले तर पैसे, असंच ठरलेलं आपलं."

"आता नेले तर लोक बोलतील, खराब होते म्हणून नेले," काळुरामदादा बोलले. "इथंच दोन-चार दिवस अर्धा अर्धा तास द्या मना. तारा बदलतो, नेक सरळ करतो. चावी आणलीय मी." खिशातून खरंच एक वाकडी चावी काढली.

"गिऱ्हाईक असताना नको हो! दुकानात हत्यारं काढलेली बरी दिसत नाहीत."

शेठ वाईट नाहीत. पूर्वी दर दोन महिन्यांनी एक कारागीर यायचा, सगळ्या गिटारी तपासायचा. कोविडनंतर तो गावी गेला, दुसरा कुणी बघितला नाही. बाहेरून येणाऱ्या गिटारी पटकन विकल्या जातात, त्यांना फारसं काही करावं लागत नाही. बाकीच्या टांगून राहतात.

दादा जायला निघाले तेव्हा मी दारापर्यंत गेले. "दादा, व्हिडिओत तो आवाज... माझा होता."

"म्हाईत हाय," ते बोलले. "फोनवरच वळखला." मग बोलले, "डोंबिवलीच्या एका शाळेचं सहा बासचं नक्की झालेलं. त्यांनी व्हिडिओ बघितला. आता थांबा बोलले."



पप्पा असते तर मला घरात घेतलं नसतं. गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. ढोलकीला चुकून पाय लागला तरी दोन्ही हात जोडायचे. आणि मी एका माणसाचं वाद्य उन्हात सुकवलं, वर त्यालाच नावं ठेवली.

१८ मार्च, मंगळवार

सुट्टी. आंबिवलीला गेले. न विचारता.

स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं. घराला लागून पत्र्याची शेड, त्यात कारखाना. दादा आधी सुतार. दारं, खिडक्या. मग त्यांच्या आगरी गावांतल्या हळदीला वाजवणाऱ्या बँजो पार्ट्यांची वाद्यं दुरुस्त करायला लागले, त्यातून गिटार, त्यातून बास. त्यांची बायको, मालनवहिनी, पॉलिश करतात. त्यांच्या नखांत कायमचा तपकिरी रंग बसलाय.

वहिनी आधी बोलेचनात. चहाचा कप समोर ठेवला तो आवाज करून. मग बोलल्या, "तूच ना ती? लोकल?"

"हो."

"ह्यांनी त्या दिवशी जेवान टाकलान."

मी मान खाली घातली. दादा बोलले, "राहू दे गं. आली ना ती?" आणि मला शेडमध्ये घेऊन गेले.

नेकच्या आत एक लोखंडी सळई असते. तारा लाकडाला पुढे ओढतात, सळई मागे धरून ठेवते. हवा बदलली, ऊन लागलं की हा तोल जातो. चावीने सळई थोडी आवळायची की नेक पुन्हा सरळ. एवढंच! पण बघायला कुणीतरी लागतं. "पाव फिरकी," दादा बोलले. "जास्त नाय. मग सोडून द्यायचा. लाकडाला एक दिवस दे, मग बग परत. घाई केलीस तर मोडशील."

एका जुन्या बासवर माझ्याकडून चार वेळा करून घेतलं. मग नवीन केलेला एक वाजवून दाखवला. एकच स्वर. मला वाजवता येत नाही, पण तो छातीत लागला.

निघताना तारांचे दोन संच आणि चावी दिली. बोलले, "शेठला सांगून कर हां. चोरून नको."

१९ मार्च, बुधवार

शेठला सांगितलं. बोलले, "दुकान उघडायच्या आधी काय करायचं ते कर. मला त्यात ओढू नको." म्हणजे हो!

मधाचा आधी घेतला. पाव फिरकी. रॅक काचेपासून हलवला, एकटीने. पाठ गेली.

२० मार्च, गुरुवार

पाव फिरकी.

२१ मार्च, शुक्रवार

नेक सरळ! दादांसारखा एक डोळा मिटून बघितलं, तीनदा. मग नवीन तारा. नेकच्या पट्टीवर तेलाचा बोळा फिरवला तर खालून शिसवी रेषा वर आल्या. दोन वर्षं समोर असून मी बघितल्याच नव्हत्या.

ऋतुराज सरांना मेसेज केला — "सर, एकदा येऊन जा. कॅमेरा नको."

२२ मार्च, शनिवार

सर आले. मधाचा बास त्यांच्या हातात दिला. काही सांगितलं नाही. वाजवायला लागले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. डोळे मिटून. मग थांबले, नेकवरून बोट फिरवलं.

"हा तोच?"

"तोच सर. तुम्ही वाजवला तेव्हा आमच्यामुळे तसा झालेला. दोन वर्षं तारा बदललेल्या नव्हत्या, उन्हात ठेवलेला. आमचीच चूक आहे. आणि मी तेव्हा जे बोलले ते खोटं होतं."

सर खुर्चीत बसले. बोलले, "वीस वर्षं वाजवतोय मी. मला कळायला पाहिजे होतं. नेक वाकलाय का नेकच वाईट आहे — हे क्लासमधल्या पोरांना मी पहिल्या महिन्यात शिकवतो." कान लाल झालेले त्यांचे.

मग बोलले नवीन व्हिडिओ करू. इथेच, शुक्रवारी. काळुरामदादांना बोलव. दोन्ही बास वाजवतो.

दादांना फोन केला. आधी वहिनींनी घेतला. त्यांना सांगितलं तर "थांब, थांब, ह्यांना देते" — आवाजच बदललेला.

२४ मार्च, सोमवार

काळा बास ऐकत नाहीये. दोन दिवस झाले, फिरकी दिली, थांबले, परत दिली. एका बाजूने सरळ होतो तर दुसऱ्या बाजूने तारा लाकडाला टेकतात. माझंच काहीतरी चुकतंय. मोडला तर नाही ना मी?

२५ मार्च, मंगळवार

शेठना विचारून काळा बास घेऊन आंबिवलीला गेले. दादांना बोलले, "बहुतेक मी बिघडवला."

त्यांनी नेकवरून बघितलं. एकदाच. मग बास मांडीवर आडवा ठेवून बसून राहिले.

"तू नाय बिघडवलास. पिळलाय हा. पिळलेला नेक सळईनं सरळ होत नाय." मग, "ऊन नाय, एसी नाय. ह्यो माझा दोष."

मग सांगितलं. २०२२ची दिवाळी जवळ आलेली, शेठना दोन बास हवे होते. मुरलेलं लाकूड एकाच नेकपुरतं होतं. त्यातच दादांची आई आजारी, कल्याणला दवाखान्यात रोजच्या फेऱ्या. दुसऱ्या नेकला कच्चं लाकूड घेतलं. वर काळा रंग मारला.

"मना तेव्हाच म्हाईत होता," दादा बोलले.

वहिनी दारात उभ्या. बोलल्या, "मग शुक्रवारी हा नका नेऊ! चांगला तेवढाच वाजवू दे त्याला. कोनाला कलतंय? हिला नि आपल्याला." माझ्याकडे बघितलं. "तू सांगशील का कोनाला?"

"नाही," मी बोलले. एका सेकंदात बोलले. मला तर तेच पाहिजे होतं.

दादा बोलले, "दोन्ही वाजवू दे."

"शाळेचं काम गेलं तर?"

"गेलं तर गेलं."

वहिनी आत निघून गेल्या. भांड्यांचे आवाज येत राहिले. दादांनी काळा बास पुसून पिशवीत घातला आणि मला गेटपर्यंत सोडायला आले.

२८ मार्च, शुक्रवार

झालं शूटिंग. शेठ मुद्दाम बाहेर गेलेले.

सरांनी मधाचा बास वाजवला, मन लावून. मग मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मी सगळं सांगितलं — तारा, ऊन, लोकल मेक.

मग काळा. वाजवला, घरघरला. सर गोंधळले. दादा पुढे आले, कॅमेऱ्याकडे न बघता बासकडे बघत बोलले, "ह्यात दुकानाची काय चूक नाय. ह्याला मी कच्चा लाकूड वापरला. घाई केली. कोनी घेऊ नये ह्यो." एवढंच.

सर कॅमेरा बंद करून दादांच्या पाया पडले. काळा बास दादा परत घरी घेऊन गेले.

मला वाटलं, संपलं. छान वाटलं खूप दिवसांनी.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळी गुढी उभारेपर्यंत व्हिडिओ आलेला.

दादांचं बोलणं त्यात नाहीये. काळा बासच नाहीये! मधाचा आहे, दादांचा शेडमधला फोटो आहे, आणि मी आहे — "आमचीच चूक आहे" — दोनदा दाखवलंय. दुकानाचं नाव खाली मोठ्या अक्षरात.

सरांना फोन लावला. बोलले, "अगं, तेही घातलं असतं तर लोकांचा गोंधळ झाला असता. दोष दुकानाचा, का बनवणाऱ्याचा? लोकांना एक काय ते सरळ लागतं. आणि दादांचं भलंच झालं ना यात?"

झालं. शाळेचा दादांना दुपारीच फोन आला, सहा नक्की. दादांनी व्हिडिओ अजून बघितलेला नाही, घरी पाहुणे आहेत. वहिनींनी सांगितलं, फोनवर रडत होत्या.

३१ मार्च, सोमवार

शेठ शांतपणे बोलले, "वैशाली, मी तुला दुरुस्तीची परवानगी दिली. दुकानाचं नाव घालवायची नाही." उद्यापासून येऊ नको बोलले.

कुणीतरी माझे दोन्ही व्हिडिओ जोडून फिरवतंय. आधी हसून "लोकल मेक आहे ना", मग "आमचीच चूक आहे". कळव्यात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरसुद्धा आलं. आईने बघितलं. जेवण वाढलं.

दादांना कळवायचं नाही. कळलं तर ते शाळेला जाऊन काळ्या बासचं सांगतील. सहा बासचं काम आहे. आणि माझ्यावर आलंय ते काही अगदीच खोटं नाही — दोन वर्षं मीच तिथे उभी होते.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी मालनवहिनींचा फोन. धाप लागलेली. "अगं, ह्यांनी बगितला तो व्हिडिओ. दुकानात फोन केला तवा तुझी नोकरी गेली ते पन कललं. आता तो काळा बास पिशवीत घालून निघालेत, कोपरीला, त्या सरांच्या क्लासवर. बोलले, पोरांच्या समोर वाजवायला लावतो. पोरीचं नाव घालवून मना शाळेचं काम नको. कोनाचं ऐकत नाय. तू तरी अडव!"

अडवणार नाही. मीही कोपरीला निघालेय.