बैलाला आवतण

प्रिय आई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. अर्धं ऐकतेस आणि उरलेलं रडण्यात घालवतेस. म्हणून हे लिहिते आहे. प्रफुल्लच्या ऑफिसातला एक जण सुट्टीवर रायपूरला निघालाय, तो हे पाकीट चौबे कॉलनीत आणून देईल. त्याला आधी चहा पाज आणि तो गेल्यावरच उघड.

गोष्ट तुझ्या लाडक्या नातीची, पद्मीची आहे. जर्मनीत आल्यापासून तिने घराबाहेर तोंड उघडलं नाही, हे तुला ठाऊक आहेच. घरात अखंड बडबड, आणि शाळेच्या फाटकात पाऊल टाकलं की ओठ शिवलेले. भाषा सगळी समजते, वहीत नीट लिहिते, पण बोलत नाही. तिच्या बाई चांगल्या आहेत, तरी पुढच्या सुट्टीपर्यंत बोलली नाही तर वेगळ्या शाळेत घालावं असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यापेक्षा दिवाळीला तिला तुझ्याकडेच पाठवावं, असं आपण ठरवलं. तू लगेच तिथल्या शाळेत चौकशी करून आलीस, माझी जुनी खोली रंगवून घेतलीस. मला मात्र जेवताना तिची भरलेली बॅग डोळ्यांसमोर यायची. हीच ना ती पोट्टी, जिला नव्या रायपूरच्या जंगल सफारीत बसचा ड्रायव्हर हात जोडून म्हणाला होता, "बेबी, थोड़ा शेर को भी बोलने दो"?

रविवारी प्रफुल्लच्या आग्रहाने इथलं प्राणिसंग्रहालय पाहायला गेलो. वाघ झाला, पेंग्विन झाले. वाटेत तिच्या वर्गातली एक मुलगी आईबापांबरोबर भेटली, तिने हसून हात केला, आणि पद्मी माझ्या मागे दडली. म्हटलं, झालं, आजचाही दिवस असाच जाणार.

मग एका वळणावर हे मोठं कुंपण, आत हिरवंगार गवत, बाहेर सुबक पाटी, आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी. आत कोण असावं? बैल! आपला वशिंडाचा, पांढरा, जरा बुटका बैल. पाटीवर भारताचा नकाशासुद्धा. प्रफुल्लला हसू आवरेना. म्हणाला, "पाहून घे. भनपुरीच्या चौकात हाच बसून राहते तं ट्रकवाले शिव्या देते, अन् इथं लोक तिकीट काढून पाहून राहिले!"

पद्मी हसली नाही. तिने माझी बाही ओढली आणि कानात म्हणाली, "मम्मी, आज खांदशेकणी है. आजी ने सुबह बताया."

मी पोळा पार विसरले होते, आई. ती कशी विसरेल? दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तू तिला रिक्षात घालून बीरगांवला हिरालाल दूधवाल्याकडे न्यायचीस. चहूबाजूंनी कारखाने उठले तरी त्याने एक बैलजोडी ठेवलेली. जू ओढून टणक झालेल्या त्यांच्या खांद्यांना तुम्ही दोघी तूप-हळद चोळायच्या आणि उद्याच्या पुरणपोळीचं आवतण द्यायच्या. बैलांच्या वतीने हिरालाल म्हणायचा, "हव दाई, दुनो झन आहीं." दोघंही येतील!

मी डबा उघडत होते तेवढ्यात पद्मीने तिच्या ब्रेडवरचं लोणी बोटांनी निपटलं, कुंपणाच्या फटीतून हात घातला आणि बैलाच्या खांद्याला चोळायला लागली. तू शिकवलंस तसं, गोल गोल, तळव्याने दाब देत. बैलाने मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले. तिथली राखण करणारी बाई मात्र धावत आली. प्राण्यांना खायला घालायला मनाई आहे, असं तिने जोरात बजावलं. मी माझं मोडकंतोडकं जर्मन जुळवत होते, तोच खणखणीत आवाज आला. "मी खायला घालत नाही. जेवण उद्या आहे. आज फक्त आमंत्रण."

जर्मनमध्ये, आई. अख्खी वाक्यं. प्रफुल्लच्या हातातलं केळं खाली पडलं.

कसलं आमंत्रण, बाईने विचारलं. मग पद्मीने सगळं सांगितलं: वर्षभर काम करून खांदा दुखतो, उद्या त्याचा सण, उद्या त्याला सुट्टी. बाई हसून म्हणाली, याला कामच नाही, हा रोज सुट्टीवर असतो. "मग इथे कशाला ठेवलाय? घरी पाठवा." मला पुन्हा तिची भरलेली बॅग दिसली. बाई म्हणाली, "तो इथेच जन्मला. हेच त्याचं घर." पद्मीने हात पुन्हा बैलाच्या खांद्यावर ठेवला. "तरी जेवायला बोलवायचंच असतं," ती म्हणाली, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन तुझ्याच हेलात ओरडली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

तिच्या वर्गातली ती मुलगी केव्हा शेजारी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. तिला ते पुन्हा ऐकायचं होतं. मग दोघी ओरडल्या, मग आजूबाजूची पोरंही. कुंपणाला लटकून सगळी "जेवाले या, जेवाले या!" प्रफुल्ल मला म्हणतो, "हे सारेच जेवाले आले तं पुरण पुरन का वं?"

सोमवारी शाळेतून बाईंचा फोन आला तेव्हा मला धडकीच भरली. तर म्हणाल्या, पद्मिनीला आज वर्गात दोनदा गप्प करावं लागलं. गप्प करावं लागलं! मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. पद्मी दिवाळीला येत नाही. हे वाचून तू आधी म्हणशील, "बरं झालं," मग त्या रंगवलेल्या खोलीचं दार ओढून घेशील आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेशील. मी ओळखते तुला. म्हणूनच फोन केला नाही. पाकिटात आणखी एक कागद आहे, तो नीट बघ. दिवाळीचं तिकीट आहे, तुझ्या नावाचं. बाबा गेल्यापासून तुझं एकच पालुपद, "मी तिकडं येऊन काय करू, बोलू कोनाशी?" इथे कुंपणाला लटकलेली एक अख्खी पलटण तुझी बोली शिकून बसली आहे. येताना घरचं तूप आणि हळद आण, बैलाचा दुसरा खांदा अजून बाकी आहे. पद्मी माझ्या पाठीवर रेलून हे सगळं वाचते आहे आणि शेवटची ओळ मीच लिहिणार म्हणून पेन ओढते आहे.

आजी, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

तुझीच,
अपर्णा