डोलकाठी, करवत आणि रॉकेलचं इंजिन

आप्पा, सगळ्यांच्या आधी आल्या त्या विहीणबाई, आणि त्याही काखेत करवत घेऊन. लेकीच्या सासरची माणसं येतात ती शेंगा आणतात, फार तर गुळाची ढेप आणतात. या तर मोडनिंबापासून एसटीत मांडीवर करवत घेऊन बसल्या. कंडक्टरनं विचारलं म्हणे, मावशी, कुणाची मान कापायला निघालात? मी हसले आणि चहा टाकला, पण कुणाची मान ते मला ठाऊक होतं. तुमच्या होडीची डोलकाठी कापायची होती. मागून व्याही आले, मालट्रकात इंजिन घालून. विहिरीवरचं, रॉकेलवर चालणारं, दोघांनी उचलावं एवढं. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांकडं कुणाकडून तरी त्याला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा बसवून घेतलेला. काठीच्या सागवानाची इंजिनाला बैठक करायची, असं माझ्या पोरानं आणि व्याह्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला सांगितलं कधी? आदल्या दिवशी, मी मेथी निवडत होते तेव्हा.

तुम्ही लगेच रागावू नका, पोराचंही खोटं नव्हतं. तुम्ही मला आंदणात होडी दिलीत, भीमेवरून बैलगाडीत घालून ती सोलापूरला आली, वाटेत बायका विचारत होत्या, ही कसली काहील म्हणून. आता ती हिप्परग्याच्या तलावावर असते. पोरगा तिच्यातून जाळी टाकतो, पलीकडून म्हशीला गवत आणतो. वारा पडला की भर उन्हात वल्ही मारत यायचं, बाजार गाठेपर्यंत मासळीचे डोळे खोल गेलेले. त्याचे खांदे रात्री मीच चोळते, मला कळत नाही होय? पण दुष्काळात तलावाला भेगा पडल्या तेव्हा होडी पालथी घालून तिच्यावर मी कुरडया वाळवल्या, काठी मात्र सरपणाला जाऊ दिली नाही. आणि आता तलाव भरलाय, आषाढाचा वारा सुटलाय, तर आत्ता कापायची? मी एवढंच म्हटलं, एक फेरी काठी ठेवून करा, मी पण येते, मग तुमच्या मनासारखं करा.

मग आम्ही चौघं निघालो. विहीणबाईंना पाण्याची भीती, पण नवऱ्याचं इंजिन बघायची हौस त्याहून मोठी. करवत त्यांनी बरोबरच घेतली, काठावर कुणी उचलून नेली तर काय घ्या. इंजिन मागच्या टोकाला फळीवर दोरानं बांधलं, पोरानं दोरी ओढली, आणि आप्पा, काय सांगू, होडी सुटलीच. धडधड एवढी की एकमेकींशी बोलता येईना, पण विहीणबाईंचं पान चावून संपायच्या आत पलीकडचा काठ आला. व्याही माझ्याकडं बघून मिशीत हसत होते. मी तलावाकडं बघत राहिले.

परतताना मी म्हटलं, आता इंजिन बंद करा, शीड चढवा. शीड तेच आहे, तुमच्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर दोस्तानं घट्ट विणून दिलेलं. मधे एक ठिगळ मोराच्या चादरीचं आहे. ते बघून विहीणबाई म्हणाल्या, "अगं बया, आमाला आंदणात चादर कमी पडली ती हितं टांगली व्हय." वारा आडवा, अगदी तुम्हाला आवडायचा तसा, जायला तोच आणि यायला तोच. शीड भरलं. पण होडी काही हलेना. मागचं टोक इंजिनाच्या वजनानं खाली बसलेलं, पुढची नाळ वर आलेली, आणि पाण्यातल्या पंख्यानं होडी चिखलात पाय रुतलेल्या म्हशीसारखी धरून ठेवलेली. पुढं जायचं सोडून आम्ही कडेला पाणकणसांकडं वाहायला लागलो.

"बघितलंस का आये? शिडात काय राम न्हाय आता," पोरगा म्हणाला.

"शिडाला कशाला बोल लावतोस? पंखा वर काढ, इंजिन मधे घे, मग बोल."

पण ऐकेल तर तो पोरगा कसला. त्यानं पुन्हा दोरी ओढली आणि सरळ घराकडं तोंड केलं. समोर त्याच्याच जाळ्याचे वाळके भोपळे तरंगत होते. आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं टाकलेलं नवं जाळं. त्याला ते दिसत होते की. पण आपली होडी चपट्या बुडाची, इतकी वर्षं जाळ्यावरून अलगद घसरत जाते; होडीला आता शेपूट फुटलंय हे तो विसरला. पंख्यानं जाळं गुंडाळून घेतलं, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. मागून आम्ही बांधलेले, पुढं शिडातला वारा ओढतोय. एकेक लाट मागच्या फळीवरून आत यायला लागली. विहीणबाईंनी डोलकाठीला मिठी मारली आणि खंडोबाला नारळ बोलल्या.

आप्पा, तेव्हा मला तुमची चापट आठवली. मी परकर नेसायची तेव्हाची. भीमेच्या मधोमध तुम्ही मला पहिल्यांदा सुकाणू दिलंत, आणि मी भीतीनं ते घट्ट दाबून धरलं तर होडी गरकन फिरली. काठावर माणसं हसली. तुम्ही माझ्या मनगटावर एक ठेवून दिलीत आणि म्हणालात, भाकरी थापताना असं दाबतीस का गं? मग तुम्हीच माझा तळवा सैल केलात. घरी आल्यावर आईनं परातीत ज्वारीचं पीठ मळून समोर ठेवलं, आणि भाकरी हलक्या हातानं फिरती राहिली पाहिजे हे तुम्ही चुलीपाशी बसून, हात धुवायच्या आधी, दाखवत होता. आई म्हणाली, पोरीला स्वयंपाक शिकवताय का होडी? तुम्ही म्हणालात, दोन्ही एकच.

"जाळं काप," मी पोराला म्हणाले.

"नवं हाय, आये."

"ईनबाई जुनी हाय का? काप."

त्यानं कापलं. दोघा बाप्यांनी दांडा, पंखा सगळं वर ओढून घेतलं, इंजिन उचलून मधे काठीच्या बुडाशी ठेवलं, आणि होडीनं पाठ सरळ केली. मी सुकाणूवर बसले. तळवा सैल. शिडानं एकदा फडफड केली, मोर फुगला, आणि आप्पा, होडी निघाली. नाळेखाली पाणी बोलायला लागलं, तो आवाज माझ्या कानांनी किती वर्षांनी ऐकला. काठ आला तेव्हा मी शीड ढिलं सोडलं आणि होडी वाळूवर अशी टेकली की विहीणबाईंचं पाऊलसुद्धा भिजलं नाही.

खाली उतरल्यावर त्यांनी करवत पदरात गुंडाळली. व्याही म्हणाले, आण इकडं, उजेड हाय तवर काम उरकू. विहीणबाई म्हणाल्या, "ह्या काठीला धरून मी जिवंत आले. हिला हात लावाल तर मोडनिंबाला एकटंच जायाचं." पोरगा तुटलं जाळं पिळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, काठी राहू दे, पंखा वर उचलता येईल असं कायतरी करू. व्याह्यांनी लगेच वाळूत बोटानं बिजागरी काढायला घेतली, आणि दोघं तिथंच उकिडवे बसून भांडायला लागले. वारा असला की शीड, पडला की इंजिन, असं ठरलं. सुकाणू कुणाचं ते कुणी विचारलंच नाही.

आज मी पिठलं केलं होतं, सगळ्यांनी चार-चार भाकरी खाल्ल्या. हे पत्र टाकायचं कुठं, तुमचा पत्ता कुठला पोस्टमन वाचणार, म्हणून शिडाच्या घडीत ठेवते. उद्या चढवलं की वाऱ्यावर जाईल. एक मात्र तुमच्या तोंडावर सांगायचा धीर झाला नसता. जाताना इंजिन धडधडत होतं ना, मला लई मजा आली होती. गुडघा एकदासुद्धा दुखला नाही. म्हणून तर तलावाकडं तोंड करून बसले होते, व्याह्यांना दिसू नये म्हणून.

बिजागरी घेऊन व्याही-विहीणबाई पुन्हा यायचे आहेत, माझ्या लेकीला माहेराला पोचवायला, पंचमीच्या आदल्या दिवशी.