सातवा लघुपट दाखवू नये याविषयी

नारायण पेठ, पुणे ३०
बुधवार, ५ नोव्हेंबर

आदरणीय सौ. दीपमालाताई यांस,

गोपाळकृष्ण पाळंदे याचा सादर नमस्कार. आपण व रंगराव आइंडहोवनला मुलासुनेकडे जाऊन आता तीन महिने होतील. तिकडच्या थंडीने आपले गुडघे धरले आहेत असे आपल्या सूनबाईंनी, म्हणजे आमच्या चि. अपूर्वाने, गेल्या रविवारी सांगितले. (रविवारी तिचा फोन येतो. आमचे विषय ठरलेले असतात: तिकडचे तापमान, इकडचा माझा रक्तदाब आणि आमच्या जावयांच्या, योगेशरावांच्या, कंपनीची प्रकृती. आपल्या गुडघ्यांमुळे एका चौथ्या विषयाची भर पडली. त्यांना लवकर आराम पडावा अशी इच्छा आहेच. परंतु विषयाबद्दल त्यांचे आभारही मानले पाहिजेत.) रंगराव अडुसष्टाव्या वर्षी सायकलवरून भाजी आणू लागले हे ऐकून आनंद झाला. त्यांनी घंटी वाजवण्याबाबतचे तिथले नियम एकदा वाचून घ्यावेत. आम्ही उभयता ठीक आहोत. सौ. आनंदीची एक दाढ काढावी लागली. माझे सर्व दात व सर्व मते शाबूत आहेत.

हे पत्र मी हाताने लिहीत आहे. सौ. त्याच्या पानांची छायाचित्रे काढून आपल्या मोबाइलवर पाठवील. पानांवर क्रमांक घातले आहेत. कृपया त्या क्रमाने वाचावे. गेल्या वेळी आपण तिसरे पान आधी वाचले आणि माझ्या मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेबद्दल अभिनंदन कळवले. ती शस्त्रक्रिया शेजाऱ्यांची होती.

आता मुख्य विषय. ऑगस्टमध्ये आपण मला एक ध्वनिसंदेश पाठवला. तो नऊ मिनिटांचा होता (त्यांपैकी दोन मिनिटे कुकर बोलत होता). त्याचा सारांश असा, की तिथल्या वाचनालयाने शनिवार, १५ नोव्हेंबरला आपले सभागृह दीड तास देऊ केले आहे, आणि आपल्याकडच्या तरुण मुलामुलींनी केलेले लघुपट तिथल्या डच मंडळींना दाखवायचे असे आपण त्यांना परस्पर कबूल करून बसला आहात. "भाऊ, सहा चांगल्या फिल्मा निवडून द्या, अन् सुरुवातीला दोन मिनिटं काही बोलून टाका, बस," असे आपले शब्द होते. सिनेमातले मला कळते असा आपला ग्रह कशावरून झाला, याचा मी विचार केला. तेव्हा अपूर्वाच्या लग्नाची चित्रफीत मी चार पानी दुरुस्त्यांसह छायाचित्रकाराकडे परत पाठवली होती, ते आठवले. (तो पुढे मंगल कार्यांची कामे सोडून पासपोर्टच्या फोटोंकडे वळला. त्यात माझा वाटा किती, हे मी सांगू शकणार नाही.) तरीही आपला विश्वास मला आवडला, हे मान्य करतो.

ज्याने चौतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले आणि विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासल्या, तो 'निवडून देतो' म्हणजे काय करतो, याची आपल्याला कल्पना असायला हवी होती. मी रीतसर निवेदन काढले. त्रेचाळीस लघुपट आले. मी अकरा निकषांची शंभर गुणांची योजना आखली, तक्ते छापून घेतले आणि तीन आठवडे लाल शाई घेऊन संगणकासमोर बसलो. निकाल असा लागला, की सर्वाधिक गुण तेहतीस आणि उत्तीर्ण होण्यास पस्तीस आवश्यक. म्हणजे आइंडहोवनच्या नागरिकांना दीड तास कोरा पडदा दाखवणे एवढाच प्रामाणिक पर्याय उरला होता. मी तो सौ.ला बोलून दाखवला. ती मेथी निवडत होती. तिने मान वर न करता एवढेच विचारले, "मला पाहायला आला होतात, तेव्हा मला किती दिले होते?" मी म्हटले, तेव्हा योजना तयार नव्हती. ती म्हणाली, "म्हणून झालं लग्न."

तेव्हा मी काठावरच्या मुलांची तोंडी परीक्षा घ्यायचे ठरवले. पहिला आला तो बुद्धभूषण, तेहतीस गुणवाला. मुलगा हडपसरचा आहे (आपल्या जुन्या घराच्या मागच्याच गल्लीतला; आपण त्याच्या आईला ओळखता, आणि त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे आपण तिचे एक पातेले अजून परत केलेले नाही). त्याच्या लघुपटात आयटी पार्कच्या फाटकावरचा एक रखवालदार आहे. मुलीच्या लग्नात व्याह्यांपुढे दोन शब्द बोलायचे आहेत, म्हणून तो दिवसभर सराव करतो: गाडी आली की आडवा दांडा वर करतो, एक वाक्य बोलतो, दांडा खाली घेतो. गाडीतले कोणी काच खाली करत नाही. आठ मिनिटांत एवढेच. मी त्याला विचारले, की पहाटेपासून संध्याकाळपर्यंत चौकीतले घड्याळ चार वाजून दहा मिनिटेच का दाखवते? हा दोष ढोबळ आहे आणि त्यासाठी मी अकरा गुण कापले आहेत. तो बिचारा खुर्चीच्या कडेवर बसला होता. म्हणाला, "सर, ते घड्याळ बंद आहे. त्या चौकीतलं खरंच बंद आहे. त्याला माहीत आहे, म्हणून तो एकदाही त्याच्याकडे बघत नाही. बाहेरची माणसं तेवढी बघतात."

ताई, मी तर्काचा माणूस आहे. उत्तर बिनतोड असले की मी ते ओळखतो. मी त्याला 'ठीक आहे, या आता' असे म्हणालो आणि तो गेल्यावर पुढच्या मुलाला बोलावले नाही. त्याचे कारण आपल्याला सांगितले पाहिजे. कारण ते आपल्या घरातलेच आहे. अपूर्वा अठरा वर्षांची असताना तिने एका लघुपटाची संहिता लिहिली होती. अकरा पाने. तिला सिनेमा शिकायचा होता. त्या संहितेत एक घर होते, घरात एक बंद पडलेले घड्याळ होते, आणि ते बंद आहे हे पाहुण्यांखेरीज सगळ्यांना ठाऊक होते. तिने ती मला वाचायला दिली. मी समासात लाल शाईने लिहिले: 'दुरुस्त का करत नाहीत? अतार्किक.' शेवटच्या पानावर शंभरपैकी एक्केचाळीस गुण दिले. (म्हणजे उत्तीर्णच केले होते, हे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो.) तिने पाने घेतली, 'बरं' म्हणाली आणि पुढच्या आठवड्यात संख्याशास्त्राचा अर्ज भरला. त्याला एकोणीस वर्षे झाली. तेव्हापासून आमच्यात भांडण नाही, अबोलाही नाही. तापमान आहे.

दुसऱ्या दिवशी मी लाल पेन स्वयंपाकघरात चमच्यांच्या ट्रेमध्ये ठेवून दिले आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस लघुपट पहिल्यापासून पाहिले. काहीही न लिहिता पाहणे किती अवघड असते याची मला कल्पना नव्हती. हात सारखे काहीतरी शोधतात, शेवटी सौ.ने मला लसूण सोलायला दिला. कात्रजच्या एका मुलीने आपल्या आजोबांच्या कवळीवर सहा मिनिटे केली आहेत. त्यात प्रकाशयोजना नावाची वस्तू नाही, आणि मी हसता हसता लसणाची वाटी उपडी केली. ही मुले आठवडाभर नोकऱ्या करतात, शनिवारी कोणाचा तरी कॅमेरा मागून आणतात आणि रविवारी चित्रण करतात; आणि जे समोर असते ते त्यांना दिसते. माझ्या अकरा निकषांत 'दिसते का' हा निकष नव्हता. सहा लघुपट मी निवडले. गुण दिलेले नाहीत. ते दाखवताना आपण मान ताठ ठेवावी. डच लोकांकडे यांच्या तोडीचे काही असेल तर त्यांनी अवश्य पाठवावे, मी पाहीन.

आता प्रास्ताविक. आपण दोन मिनिटे म्हणालात. मी सतरा पानांवर आवरले. त्याचे चित्रण करायला सृष्टी आली. ही मुलगी दिवसा हडपसरलाच एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते, त्यामुळे तिच्याशी बोलताना समव्यावसायिकाशी बोलल्यासारखे वाटते. (तिचाही एक लघुपट स्पर्धेत होता. त्याला मी पहिल्या फेरीत एकोणीस गुण देऊन 'यात काहीही घडत नाही' असा शेरा मारला होता. तो शेरा वाचूनही ती आली, हे तिचे संस्कार.) दिवाणखान्यात तिने दोन कॅमेरे लावले आणि सकाळी दहाला आम्ही सुरुवात केली. पहिल्या वेळी भंगारवाल्याची आरोळी आली. चौथ्या वेळी माझा चष्मा चकाकला. नवव्या वेळी सर्व काही उत्तम चालले असताना सौ. कोथिंबिरीची जुडी घेऊन मागून गेली. मी तिला परत जाऊन नीट चालत यायला सांगितले, तेव्हा ती खरोखरच परत गेली आणि चारपर्यंत आलीच नाही. सत्तावीस वेळा चित्रण झाले. शेवटी सृष्टीने जे वापरले आहे ते तीन मिनिटांचे आहे आणि ते पहिल्याच्याही आधीचे आहे. मी नुसताच बसलो होतो आणि सहा लघुपट कोणकोणते आहेत ते तिला सांगत होतो. "सर, ती फक्त आवाजाची टेस्ट होती, पण तेच बेस्ट आलंय." सतरा पाने मी जपून ठेवली आहेत. हवी असल्यास कळवावे.

यानंतर जे घडले त्यासाठी हे पत्र. परवा सृष्टीने अंतिम संचाचा दुवा मला पाठवला. आपल्यालाही तो मिळाला असेल. त्यात सहाऐवजी सात लघुपट आहेत. सातवा तिने त्या दिवसाच्या चित्रणातून केला आहे: दोन चित्रणांच्या मधला वेळ फक्त. मी टेबलावरची फुलदाणी सात वेळा हलवतो. मी एका लघुपटाचे नाव विसरतो. कोथिंबीर जाते. एकदा बॅटरी बदलत असताना तिने सहज विचारले, की सर, तुम्ही कधी कोणाला पैकीच्या पैकी दिलेत का; आणि मी, दुसरा कॅमेरा चालू आहे याचे भान न राहून, तिला अपूर्वाच्या अकरा पानांची हकिगत सांगितली आहे. शेवटी मी एक वाक्य बोललो आहे. तसे वाक्य मी आजवर घरात बोललेलो नाही. तिने सोबत लिहिले होते: "सर, तुम्ही हो म्हणालात तरच ठेवते, नाहीतर लगेच काढते." मी उत्तर दिले, की विचार करून कळवतो. कळवायचे राहून गेले.

तेव्हा आपणास माझी स्पष्ट व सक्त सूचना आहे, की सातवा लघुपट कोणत्याही परिस्थितीत दाखवू नये. त्यात मी विस्कळीत दिसतो, माझी कॉलर एका बाजूने दुमडलेली आहे, आणि परदेशस्थ प्रेक्षकांसमोर पुण्याच्या अध्यापकवर्गाचे असे दर्शन होणे इष्ट नाही. आपण ही सूचना पाळाल याबद्दल मी निःशंक आहे.

रंगरावांना नमस्कार, योगेशरावांना आशीर्वाद. अपूर्वाला काही नाही. तिच्याशी रविवारी बोलेनच.

आपला नम्र,
गोपाळकृष्ण पाळंदे

ता. क. सहा लघुपट मिळून एकसष्ट मिनिटे होतात. प्रास्ताविकासह चौसष्ट. सभागृह नव्वद मिनिटांसाठी आहे. सातवा पाच मिनिटांचा आहे. ही केवळ माहिती.

ता. क. २. वेळ उरलाच, आणि तिथल्या लोकांनी आग्रह केलाच (डच लोक आग्रही असतात असे ऐकतो), तर तो अगदी शेवटी लावावा. मधे लावल्यास पुढच्या मुलांवर अन्याय होईल. दिवे लगेच लावू नयेत. अपूर्वाला तिसऱ्या रांगेत मधली खुर्ची द्यावी; तिथून आवाज नीट येतो. तिला आधी काही सांगू नये. आपण तिच्या शेजारी बसावे.

ता. क. ३. पडद्यावर खाली येणाऱ्या डच भाषांतराच्या ओळी योगेशराव लिहिणार आहेत असे कळले. सातव्याच्या ओळी त्यांनी एकट्याने लिहाव्यात, अपूर्वाची मदत घेऊ नये, आणि शेवटचे वाक्य सांभाळून न्यावे. ते असे आहे: "तिला मी विचारायला हवं होतं, की ते घड्याळ कधी बंद पडलं. मी तपासत बसलो." ते सजवू नये. आहे तसे साधे ठेवावे. (हे पान सौ.ने वाचले. मग ती जाऊन कपाटातून, सगळ्यांच्या पासपोर्टांच्या खालून, ती अकरा पाने घेऊन आली. एकोणीस वर्षे ती तिथे होती, आणि मी दर वर्षी पासपोर्टांच्या मुदती तपासत होतो.)

ता. क. ४. ती पाने मी आज दुपारी स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. लाल शाई उतरवलेली नाही. त्यांचीही छायाचित्रे या पत्रामागून येतील, अकरा आहेत, क्रम पाहावा. खरे तर एवढ्यासाठीच आपल्याला लिहायला बसलो होतो, हे पाने हाती आल्यावर कळले. सृष्टी आणि बुद्धभूषण यांना मी फोनवर सांगितले; त्यांना ही संहिता वाचायची आहे, आणि जानेवारीत अपूर्वा पुण्याला येईल तेव्हा तिच्याबरोबर बसून करायचीही आहे. बंद घड्याळ बुद्धभूषणकडे तयारच आहे. मी तिला विचारले तर ती 'बरं' म्हणेल, आणि तो शब्द मला आता पुन्हा ऐकायचा नाही. आपण विचारावे. आपले ती ऐकते. आपण तिला कधी गुण दिलेले नाहीत. पाने मी पाठवली हे कळल्यावर ती बहुधा एकच गोष्ट विचारील, की बाबांनी या वेळी किती दिले. तेव्हा कृपया एवढेच सांगावे, की त्यांनी वाचली आहेत, तपासलेली नाहीत.