आडनाव आधीच पोचतं

आई, दवाखाना आता लोकांच्या घरी येतो, असं तुला सांगितलं असतं तर तू आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, ‘मग सिस्टर बसते कुठे?’ सांगते. कोथरूडमधल्या एका सोसायटीत, हॉलमध्ये जिथे सोफा होता तिथे आता वर-खाली होणारी कॉट आहे. ऑक्सिजनचं मशीन शोकेसला टेकून घुरघुरत असतं. पक्षाघात झालेले काका झोपून असतात, त्यांचा मुलगा अमेरिकेतून मोबाइलवर त्यांना बघतो आणि माझी खुर्ची टीव्हीच्या शेजारी. तुझ्या वॉर्डातून भेटायची वेळ संपली की तू नातेवाइकांना हाकलायचीस. इथे पाहुणी मीच, चपला दाराबाहेर काढते. हॉस्पिटल सोडून मी घरोघरी सिस्टर पाठवणाऱ्या कंपनीत लागले, तेव्हा तू नव्हतीस. असतीस तर लागू दिलं असतंस का, हे मला राहून राहून विचारावंसं वाटतं.

कारण तो एक दिवस मी विसरलेले नाही. मी शाळेत होते. तुझ्या वॉर्डातून ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या एका म्हाताऱ्यांना इंजेक्शन द्यायला तू मला घेऊन मंडईमागच्या त्यांच्या घरी गेलीस. दारातच सुनेने विचारलं, ‘सिस्टर, आडनाव काय तुमचं?’ तू सांगितलंस. त्या आडनावावरून आपण बौद्ध हे तिला कळलं. ती आत गेली आणि थोड्या वेळाने, ज्यांना धड उभंही राहता येत नव्हतं त्या म्हाताऱ्यांना दोघांनी धरून बाहेर गॅलरीत आणून बसवलं. वॉर्डात त्यांचं अंग तूच पुसायचीस! तू गॅलरीतच इंजेक्शन दिलंस, मंडईत पेरू घेतलेस आणि एक माझ्या हातात देत म्हणालीस, ‘त्यांना ओढत आणायला नको होतं गं. टाके दुखले असतील.’ त्या घरात आत काय काय असेल, असं मी विचारलं, तर म्हणालीस, ‘मला तरी कुठे माहीत?’ त्यानंतर तू कोणत्याच पेशंटच्या घरी गेली नाहीस.

आता दारात कुणी काही विचारत नाही. मी पोचायच्या आधीच माझा फोटो आणि पूर्ण नाव त्यांच्या मोबाइलवर गेलेलं असतं, आणि खाली ‘सिस्टर बदला’ असं बटण. कोथरूडच्या आधी दोन घरांनी मला पहिल्याच दिवशी बदललं. कारणाच्या जागी नुसतं ‘इतर’. तुला निदान तोंडावर विचारलं होतं. मी संतापायचं तरी कुणावर?

या घरातल्या काकू मात्र दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, ‘अहो सिस्टर, नळीतून द्यायची पेज आत येऊन तुम्हीच गाळून घ्या. माझा हात कापतो.’ म्हणजे मी थेट त्यांच्या स्वयंपाकघरात. तुला सगळं सांगायचंय. मिसळणाचा डबा आपल्यासारखाच, कुकरची शिट्टी आपल्यासारखीच बिघडलेली, आणि ओट्यासमोरच देव. मी एकेक वस्तू बघत होते, पेजेत लक्षच नव्हतं. शेवटी राहवेना.

‘काकू, माझं आडनाव वाचलंत ना तुम्ही?’

‘वाचलं. चष्मा आहे मला.’

‘मग?’

‘मग काय? पेज गार होतेय. तुमच्या आधीच्या सिस्टरना मी का बदललं, माहितीये?’

‘का?’

‘फार बोलायच्या.’

मी गुपचूप पेज गाळली. घरी येताना बसमध्ये एकटीच हसत होते. त्या दोन घरांनीही मला एवढ्यासाठीच बदललं असेल, असं मी ठरवूनच टाकलं. बडबडी तर मी आहेच, तूच म्हणायचीस. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते : आई, ते बडबडीचं कारण मला अजून पटलेलं नाही.