हातातली सुई

पॅरिस, १२ एप्रिल १८७९

ती. ऑर्तांसताईला सोलांजचा सा. न. वि. वि.

आमचं प्रदर्शन एकदाचं सुरू झालं. माझं ‘खिडकीजवळ’ हे चित्र अगदी समोर लागलंय, म्हणजे तूच लागली आहेस! वर्तमानपत्रवाल्यांनी बाकी सगळ्यांची सालटी काढली, तुझं मात्र कौतुक केलं. भावोजींना घेऊन ये. नोटरीची कचेरी दोन दिवस बंद राहिली तर रुआँ शहर बुडणार नाही, असं त्यांना माझ्यातर्फे सांग. ल्युसीला पापा. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी सोलांज

रुआँ, २१ एप्रिल

चि. सोलांजला अनेक आशीर्वाद.

आम्ही चित्र पाहून आलो. तुला भेटले नाही. भेटले असते तर तिथेच भांडले असते. माझ्या हातात सुई कुठून आली गं? लग्नानंतर पहिल्यांदाच त्या दिवशी मी ब्रश धरला होता. मी ताटलीतली नाशपाती रंगवत होते आणि तू मला. हलू नकोस ताई, तूही चित्रकार आहेस हे एका तरी चित्रात राहू दे, असं तूच म्हणालीस. माझी सगळी चित्रं इथे माळ्यावर पडली आहेत. हे एकच लोकांसमोर येणार होतं. दिसतं तेच रंगवायचं, असं तुम्ही मंडळी छातीठोकपणे सांगता ना? तू मला दगा दिलास.

हे मात्र खूश. शिवणात रमल्यावर मी किती गोड दिसते, असं परतताना गाडीत म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चित्र विकण्याआधी माझा ब्रश मला परत दे. एवढं करशील ना?

ऑर्तांस

पॅरिस, २६ एप्रिल

ती. ताईला सा. न.

किती रागावतेस! चित्र कालच एका डॉक्टरांनी बायकोच्या खोलीसाठी घेतलं. ब्रश धरलेली बाई पाहिली की लोक हसतात. हातात शिवण दे, लगेच जाईल, असं विक्रेता म्हणाला होता. नाव व्हायचं तर थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं. आणि खरं सांगू? ब्रश तू आपणहून खाली ठेवलास, मी काही हिसकावला नाही. रंगांची पेटी पाठवते आहे. राग सोड, लोभ ठेव.

सोलांज

रुआँ, ९ मे

चि. सोलांज,

पेटी पोचली. लोभाबद्दल या खेपेला काही लिहीत नाही. चित्र काढायला घेतलंय, तुझंच. तू समोर नसलीस तरी तुझा चेहरा मला पाठ आहे. खिडकीशी बसली आहेस, केस नेहमीसारखे विसकटलेले, नाक तर हुबेहूब. ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, हातात ब्रश द्यायचा राहिलाय. राहिला नाही. तुझ्या हातात मी ल्युसीचा फाटका मोजा दिलाय आणि तू तो मन लावून रफू करते आहेस. तुला साधं बटण लावता येत नाही हे मला ठाऊक आहे. बघणाऱ्यांना कुठे ठाऊक असतं?

ऑर्तांस