मार्था ॲल्डनचे उन्हाळे

वेस्ट विंडसर, रविवार

प्रिय इला,

मदर्स डेची फुलं पोचली. छान आहेत, पण बागेत फुलं असताना शिकागोहून न्यू जर्सीला फुलं पाठवणं मला पटत नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुला मराठी वाचायला मीच शिकवलं आहे, तेव्हा विक्रमकडून वाचून घेऊ नकोस.

गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, "आई, मी क्वार्टेट कॅन्सल करतेय." चार तंतुवाद्यांसाठी रचना लिहायचं ते काम त्या वादक मंडळींनी तुला आपणहून दिलं, हिवाळ्यात ते वाजायचं आहे, आणि तुझा अजून पहिला भागही पुरा नाही. अनिका लहान, तुझ्या शिकवण्या, त्यात तुझ्या सासूबाई सुवर्णाताई नागपूरहून आलेल्या. "लेकरू झोपलं की लिही ना, गाणंच तर आहे," असं त्या म्हणाल्याचंही तू सांगितलंस. जो विषय कळत नाही त्यावर मी बोलत नाही.

आता थोडा कळतो. लायब्ररीतल्या आमच्या ज्येष्ठांच्या गटात दर महिन्याला एकाने भाषण करायचं असतं. विषयाच्या चिठ्ठ्या टाकतात. माझ्या वाट्याला मार्था ॲल्डन आली, शंभर वर्षांपूर्वीची संगीतकार. आयुष्यभर संख्याशास्त्रात काढलेल्या बाईला ही शिक्षाच. तुझे बाबा म्हणाले, "बदलून घे." मी बदलून घेतली नाही, हे सांगायला नकोच.

मार्थाचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. खुर्चीवरून पाय खाली पोचत नव्हते तेव्हापासून ही वाजवू लागली. लग्न डॉक्टरशी झालं. माणूस वाईट नव्हता. बायकोने चहाच्या वेळी पाहुण्यांना दोन गाणी म्हणून दाखवावीत, हे त्याला आवडे. मोठ्या रचनांनी मात्र बायकांच्या डोक्याला ताण पडतो, असं त्याचं वैद्यकीय मत होतं. त्यामुळे हिवाळ्यात तिने लिहिली ती गाणीच. छोटी, गोड, आज विसरलेली. पण व्हायोलिनचा सोनाटा, क्वार्टेट, तिची एकमेव सिम्फनी, या सगळ्यांच्या शेवटी उन्हाळ्याची तारीख आहे आणि गाव एकच: व्हरमाँटमधलं तिच्या आईचं. पुस्तकात लिहिलंय की प्रकृती नाजूक असल्याने ती दरवर्षी हवापालटाला जाई. मीही भाषणात तेच सांगितलं.

सांगून होतंय तोच मागून एक म्हातारी उठली. त्याच गावची. तिची आजी मार्थाच्या आईची शेजारीण होती. म्हणाली, "नाजूक? ती बैलासारखी धडधाकट होती." मार्थाची आई दर जूनमध्ये जावयाला कळवायची, की चेरी पिकल्यात, मुरंबे करायचेत, मुलीला पाठवा. आईने बोलावल्यावर नाही कसं म्हणणार? डॉक्टर पाठवायचा. आणि मार्थाने म्हणे एकाही चेरीला कधी हात लावला नाही. आई खाली मुरंबे ढवळायची, ही माडीवर पियानोशी. सगळे हसले. बाबा पहिल्या रांगेत झोपले होते, तेही जागे होऊन हसले. मग मी तिचं क्वार्टेट लावलं. दुसऱ्या भागात चेलो एकटाच बराच वेळ बोलत राहतो आणि बाकीचे तिघे त्याला बोलू देतात. मी घरी येऊन ते पुन्हा ऐकलं. भांडी घासायची तशीच राहिली, यावरून काय ते समज.

बाकी इकडे ठीक. बाबांचा गुडघा बरा आहे. गुलाबांना यंदा हरणांनी सोडलं आहे, का ते माहीत नाही.

तर मी काल सुवर्णाताईंना फोन केला. तुझ्या कामाची वकिली केली नाही. रीतसर सांगितलं, की इलाला लग्नानंतर कधी नीट माहेरपण झालं नाही. शाळांना सुट्टी लागली की तिला आणि अनिकाला उन्हाळाभर पाठवा. त्या एकदम मोकळ्या झाल्या. "अहो विहीणबाई, हे काय विचारणं झालं? लेकीला माहेरी न पाठवणारी सासू वाटले का मी?" विक्रमला जेवायला त्या घालणार आहेत, त्याच्या आवडीची यादी मला ऐकवूनही झाली. मला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून म्हटलं, ती इथे लिहीत बसेल. तर म्हणाल्या, "माहेरी लेक काय करते ते सासूने विचारायचं नसतं." त्यांच्याबद्दलचं माझं मत मी बदललं आहे. तूही बदल. अनिकाला मी सांभाळीन. तिला पाढे येत नाहीत, ते येतील. वरची खोली रिकामी केली आहे, पियानो जुळवणारा माणूस गुरुवारी येतो. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. तेव्हा त्या मंडळींना नकार कळवू नकोस. कळवला असशील तर उद्याच मागे घे.

तुझीच, आणि या बाबतीत ऐकून न घेणारी,
आई