मोड आलेली मटकी

बाई, तुम्ही शिकवायचात तेव्हा मोशीच्या आपल्या शाळेत फोन एकच होता, हेडमास्तरांच्या टेबलावर, आणि त्यालाही कुलूप असायचं. आता माझ्या मुलीची निम्मी शाळा फोनमध्येच भरते. वर्गाचा ग्रुप आहे. गृहपाठ त्यावर, सूचना त्यावर, शाबासकी त्यावर, आणि सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलासकट सुविचार. निरोप आला की पालकांनी त्याला अंगठा द्यायचा, म्हणजे वाचल्याची पोच. गेल्या पालकसभेत मोठ्या मॅडमनी अंगठा न देणाऱ्यांची नावं माइकवरून वाचली. त्यात मी होते. मान खाली घालून बसले, या वयात.

मी चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत आहे, पहिल्या शिफ्टला. आत जाताना फोन गेटवर जमा होतो आणि सुटल्यावर परत मिळतो. वर्गाच्या मॅडमना हे सांगितलं होतं. "अहो, मग ब्रेकमध्ये बघत जा ना," त्या म्हणाल्या. म्हटलं, "ब्रेकमध्येपण तो गेटवरच असतो, मॅडम." "बाकीचे पेरेंट्सपण जॉब करतातच हो," असं हसून म्हणत त्या पुढच्या आईकडे वळल्या. नवऱ्याचा नंबर घ्या म्हटलं, तर एका मुलामागे एकच नंबर, तोही आईचाच. नवरा हिंजवडीला कॅब चालवतो, ट्रॅफिकमध्ये अडकला की त्याला वाचायला वेळच वेळ. पण नियम म्हणजे नियम. मग मीही शहाणी झाले. सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसायचं आणि दिवसभरात आलेल्या सगळ्या निरोपांना न वाचताच अंगठे देत सुटायचं. वाचायचं ते घरी गेल्यावर. बसमधल्या निम्म्या आया हेच करतात.

मागच्या आठवड्यात मॅडमनी सकाळी दहाच्या सुमारास ग्रुपवर टाकलं की आज विज्ञानाला मोड आलेली मटकी आणावी. शाळा दुपारची, मी कंपनीत लाइनवर. मुलगी आपली आपण जेवली, वेणी घातली, कुलूप लावून शाळेत गेली. आणि बाई, मटकी घरात होती हो! मीच फडक्यात बांधून ओट्यावर ठेवली होती, तिच्या ताटाच्या शेजारी.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी भाकरी थापतेय, अंगठे बसमध्येच देऊन झालेत, ग्रुप अजून वाचलेला नाही. ती माझा फोन घेते, एक व्हिडिओ लावते आणि माझ्यासमोर धरते. मटकी आणणारी मुलं बाकांवर, डबे उंच धरून. न आणलेली तिघं फळ्यापाशी उभी. मॅडमचा आवाज येतो, "यांचे पेरेंट्स ग्रुप वाचत नाहीत. आपण काय सांगायचं त्यांना?" अख्खा वर्ग ओरडतो, "ग्रुप वाचा!" मग टाळ्या. माझी मुलगी वेणीचं टोक चावत उभी आहे. खाली अंगठेच अंगठे. त्यांतल्या एकावर ती बोट ठेवते. "हा तुझा आहे."

"अगं, मी बघितलाच नव्हता."

"न बघता दिलास?"

तव्यावरची भाकरी करपली.

तेव्हापासून तुमची फार आठवण येते. एकदा सगळ्यांनी हरभरे आणले होते आणि मी विसरले होते. तुम्ही वर्गात चकार शब्द काढला नाहीत. शाळा सुटल्यावर स्टॉपवर न जाता आमच्या दारात आलात. आई भांडी घासत होती. "मूठभर हरभरे द्याल का उद्या हिच्याबरोबर? नसले तर माझ्याकडे आहेत," एवढंच हळू म्हणालात. आई म्हणाली, "आवं बाई, ध्यानातच न्हाई आलं बघा!" आणि तुम्हाला चहा घ्यायला लावला. आणखी एकदा कुणाचा तरी बाप वर्गाच्या दारात येऊन विचारत होता, "माझंच पोरगं नापास हाय का आणखी कोण हाय?" तुम्ही त्याला म्हणालात, "तुमच्या पोराचं तुम्हाला सांगितलं. दुसऱ्याचं विचारू नका. वर्गातलं वर्गात." तेव्हा मला तुम्ही खडूस वाटला होतात. आज वाटतं, त्या दाराला तुम्ही होतात म्हणून आम्ही बिनघोर चुकू शकलो.

मॅडम वाईट नाहीत, असं नवरा म्हणतो. नसतीलही. पण मला राग आहे, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही. मुलगी शाळेत जाते. घरी आली की शाळेचं काही सांगत नाही, एवढंच. पूर्वी चप्पल काढायच्या आधी सांगायला लागायची.

हे पत्र पोस्टात काय, ग्रुपवर काय, कुठेच टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. दिलेला अंगठा काढून टाकता येतो. मुलीनेच दाखवलं, नुसतं बोट लावायचं. "काढ ना," म्हणाली. मी म्हटलं, उद्या काढते. मॅडमना दिसलं तर राग तिच्यावर निघेल, ही भीती. तो अंगठा अजून तिथेच आहे, बाई.